तारापूरची गाळणी

जांब समर्थ म्हटलं की लोक लगेच हात जोडतात. साहजिकच आहे. समर्थ रामदासांचं, म्हणजे नारायण सूर्याजीपंत ठोसरांचं हे जन्मगाव. साल १६०८. जालना जिल्हा, तालुका घनसावंगी. माझं आजोळ त्याच भागातलं. त्यामुळे मला मात्र देवळाच्या जोडीला मोसंबीच्या बागा आठवतात, आणि बागेच्या कोपऱ्यात विहिरीजवळ उभे असलेले ठिबकचे फिल्टर. (इंजिनियर माणसाला कुठे काय आठवेल याचा नेम नाही!)

ठिबक ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. विहिरीचं पाणी आधी वाळूच्या फिल्टरमधून जातं, मग बारीक जाळीच्या फिल्टरमधून, आणि मग झाडाच्या बुडाशी थेंबथेंब पडतं. जाळीच्या अलीकडे एक दाबमापक आणि पलीकडे एक. दोन्ही काटे जवळजवळ सारखे असले तर सगळं ठीक. पलीकडचा काटा खाली यायला लागला की समजायचं, जाळी चोंदली. मग कॉक बंद करा, जाळी काढा, ब्रशने धुवा. कंटाळा केला तर ड्रीपर बुजतात, आणि झाड वाळायला लागल्यावर कळून काय उपयोग? मामा म्हणतो, "जाळी आणायला एकदा डोकं लागतं, धुवायला रोज लागतं."

मामाच्या या एका वाक्यात फिल्टरचं निम्मं शास्त्र आलं. कुठल्याही फिल्टरला प्रश्न तीनच. कशाचा निवडायचा? कसा बनवायचा? आणि कसा टिकवायचा? आज सांगायची आहे ती गोष्ट या तीन प्रश्नांची सगळ्यात अवघड उत्तरं शोधणाऱ्यांची आहे. त्या उत्तरांवर आपल्या महाराष्ट्रातलं एक वीजकेंद्र कित्येक वर्षं अवलंबून होतं, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असतं. पण आधी जरा प्राथमिक तयारी.

जाळी म्हणजे तारांचं विणकाम. तार कितीही बारीक केली तरी काही मायक्रॉनच्या खाली विणकामाचा दम संपतो. त्याहून बारीक गाळायचं असेल आणि धातूच हवा असेल, तर विणायचं सोडून धातूची पूड घ्यायची. कांस्याचे गोल गोल कण साच्यात ओतायचे, हलकेच ठोकून बसवायचे आणि वितळणार नाहीत इतपतच तापवायचे. कण जिथे एकमेकांना टेकतात तिथे अणू सरकतात आणि छोटीशी मान तयार होते. बाकीची जागा मोकळीच राहते. तिळाचा लाडू डोळ्यापुढे आणा, फक्त इथे पाक नाही, तीळच तिळाला चिकटलाय. याला म्हणतात सिंटरिंग. पूड जाड घेतली तर छिद्रं मोठी, बारीक घेतली तर बारीक. कॉम्प्रेसरच्या हवेच्या लाइनवर असतो तो कांस्याचा छोटा फिल्टर असाच बनतो. टेबलफॅनच्या मोटरमधला बुशही त्याच जातीचा. त्याच्या छिद्रांत तेल भरून ठेवलेलं असतं, म्हणून वर्षानुवर्षं तेल घालावं लागत नाही.

निवडीचा नियमही साधा आहे. हवा, तेल असेल तर कांस्य चालतं. आम्ल किंवा औषधाच्या कारखान्यातलं काही असेल तर स्टेनलेस स्टील. आणि फ्लोरीनच्या कुळातलं काही असेल तर निकेल. हे शेवटचं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता तारापूर. मुंबईच्या उत्तरेला साधारण शंभर किलोमीटरवर, तेव्हाचा ठाणे जिल्हा, २०१४ पासून पालघर. भारतातलं पहिलं अणुवीजकेंद्र इथलं. होमी भाभांची मूळ योजना वेगळी होती. खाणीतून निघालेलं युरेनियम आहे तसंच वापरायचं, त्यासाठी जड पाणी लागेल ते आपण करायचं, आणि पुढे थोरियमपर्यंत पोचायचं. पण अणुवीज भारतात परवडते हे लवकर दाखवायचं होतं. जागतिक निविदा निघाल्या. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकचा प्रस्ताव स्वस्त आणि तयार होता, वर अमेरिकेचं कमी व्याजाचं कर्ज. ऑगस्ट १९६३ मध्ये करार झाला. २८ ऑक्टोबर १९६९ ला दोन्ही एककं व्यापारी तत्त्वावर चालू झाली. भाभा मात्र ते पाहायला नव्हते. जानेवारी १९६६ मध्ये माँ ब्लाँवरच्या विमान अपघातात ते गेले.

करारात एक मेख होती. ही अणुभट्टी 'समृद्ध' युरेनियमवर चालते. अमेरिकेने तीस वर्षं ते पुरवायचं, आणि तारापूरने अमेरिकेचंच इंधन वापरायचं, दुसऱ्या कुणाचं नाही. आपल्या धंद्यात याला व्हेंडर लॉक-इन म्हणतात! सही करताना कुणाला त्यात फारसं खटकलं नसावं. कारण विकणारा विकायला उत्सुक होता.

हे 'समृद्ध' म्हणजे काय? युरेनियमच्या हजार अणूंत साधारण सातच अणू युरेनियम-२३५ चे असतात. बाकी जवळजवळ सगळे २३८. तारापूरच्या भट्टीला हे सातचं प्रमाण वीस-पंचवीसवर न्यावं लागतं. पण दोन्ही अणू रसायनशास्त्राच्या दृष्टीने जुळे भाऊ. कुठलंही आम्ल, कुठलंही द्रावण एकाला धरून दुसऱ्याला सोडत नाही. फरक फक्त वजनाचा.

इथे गाळणी आली. थॉमस ग्रॅहमने एकोणिसाव्या शतकात दाखवलं होतं की अतिबारीक छिद्रांतून हलका वायू जड वायूपेक्षा किंचित लवकर पार होतो. युरेनियमचा सोयीचा वायू एकच, युरेनियम हेक्झाफ्लोराइड. त्याच्या हलक्या रेणूचं वजन ३४९, जड रेणूचं ३५२. हिशोब केला तर एका गाळणीत जास्तीत जास्त फायदा १.००४३ पट. म्हणजे अर्धा टक्कासुद्धा नाही! मग गाळलेलं पुन्हा गाळा, ते पुन्हा गाळा. लूप लिहून पाहा: तारापूरच्या इंधनापर्यंत पोचायला कागदावर निदान तीनशेच्या आसपास टप्पे लागतात, आणि बॉम्बच्या नव्वद टक्क्यांपर्यंत सोळाशेच्या वर. प्रत्यक्षात गाळणी कधीच पूर्ण कार्यक्षम नसते, त्यामुळे आकडा आणखी बराच वर जातो.

हे करून बघायची पहिली धडपड मात्र अगदी घरगुती होती. १९४० साली ऑक्सफर्डमध्ये फ्रान्झ सायमन या शास्त्रज्ञाने (हिटलरमुळे जर्मनी सोडून आलेला) स्वयंपाकघरातली तारेची गाळणी घेतली, हातोडीने ठोकून चपटी केली, म्हणजे भोकं बारीक झाली, आणि कार्बन डायऑक्साइड व पाण्याची वाफ तिच्यातून सोडून वायू थोडेसे वेगळे होतात का ते पाहिलं. झाले! चहाच्या गाळणीपासून अणुबॉम्बपर्यंतचा रस्ता असा सुरू झाला.

पुढचा रस्ता खडतर होता. प्रश्न पहिला, निवड. हेक्झाफ्लोराइड हा अत्यंत खवट वायू. पाण्याशी भांडतो, ग्रीसशी भांडतो, बहुतेक धातूंना खातो. निकेलवर मात्र निकेल फ्लोराइडचा पातळ थर बसतो आणि तोच आतल्या धातूचं रक्षण करतो. म्हणून निकेल. पण नुसता धातू ठरवून भागत नाही. ऑगस्ट १९४५ मध्ये अमेरिकन सरकारने छापलेल्या स्मिथ अहवालात गाळणीच्या अटी आहेत. वाचताना एखाद्या अशक्य क्लायंटची रिक्वायरमेंट वाचतोय असं वाटतं. छिद्र मिलिमीटरच्या एक लक्षांश भागाहून फारसं मोठं नको. अशी छिद्रं अब्जावधी हवीत. ती झिजून मोठी व्हायला नकोत आणि धुळीने बुजायलाही नकोत. पडद्याने एका वातावरणाचा दाब सोसला पाहिजे. आणि हे सगळं हातमागावर एखादा तुकडा नव्हे, कारखान्यात एकसारखं, ढिगाने बनवता आलं पाहिजे.

प्रश्न दुसरा, घडण. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात एडवर्ड नॉरिस आणि एडवर्ड ॲडलर यांनी निकेलची एक गाळणी तयार केली. गंमत म्हणजे नॉरिस हा मूळचा सजावटकार. रंगाच्या फवाऱ्यासाठी त्याने एक बारीक धातूची जाळी शोधली होती, तिच्यामुळे तो इथे आला. त्यांची गाळणी चांगली होती, पण ठिसूळ, आणि एक तुकडा दुसऱ्यासारखा निघेना. प्रयोगशाळेत चालतंय, प्रॉडक्शनला चालत नाही, हे दुखणं आपल्या पिढीचं नाही तर! तरीही इलिनॉयमधल्या डेकेटरला तिच्यासाठी कारखाना उभा राहिला. इतक्यात क्लॅरेन्स जॉन्सन नावाच्या इंजिनियरने निकेलच्या पुडीपासून दुसरी गाळणी पुढे आणली. जानेवारी १९४४ मध्ये प्रकल्पप्रमुख जनरल ग्रोव्हजने निर्णय घेतला: डेकेटरमधली यंत्रं काढा आणि नव्या गाळणीसाठी पुन्हा मांडणी करा. हॅरॉल्ड युरीसारखा नोबेल मिळवलेला शास्त्रज्ञ या बदलाच्या विरोधात होता. टेनेसीत गाळण्या बसवायची इमारत तेव्हा आधीच चढत होती, आत काय बसणार हे ठरायच्या आधी.

ती इमारत म्हणजे ओक रिजची के-२५. इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची, एकेक बाजू अर्धा मैल लांब. आत २८९२ टप्पे. गाळण्यांची पिंपं क्रायस्लर या मोटार कंपनीने बनवली. अख्खी निकेलची पिंपं युद्धकाळात परवडणार नव्हती, म्हणून पोलादाला आतून निकेलचा मुलामा दिला. १९४५ च्या सुरुवातीला के-२५ चालू झाली. तिच्यातून अर्धवट समृद्ध झालेलं युरेनियम ओक रिजच्याच दुसऱ्या विद्युतचुंबकीय कारखान्यात गेलं आणि ६ ऑगस्ट १९४५ ला हिरोशिमावर पडलं. गाळणीचा इतिहास सांगताना हे वाक्य गाळता येत नाही.

प्रश्न तिसरा, निगा. मामाचा प्रश्न. हेक्झाफ्लोराइडला दमट हवा लागली की त्याची घन पूड होते आणि ती थेट छिद्रांत जाऊन बसते. म्हणजे हजारो सांध्यांतून एक जरी गळका निघाला तरी गाळणी चोंदायला सुरुवात. इथे जाळी काढून ब्रशने धुण्याची सोय नाही. म्हणून गळती शोधायला हीलियम सोडून तो टिपणारी यंत्रं घडवली गेली. जोडणी करणाऱ्यांना हातमोजे घालून दवाखान्यातल्यासारखी स्वच्छता पाळावी लागे. ग्रीसचा एक बोटाचा ठसासुद्धा नको. नवीन भाग वापरायच्या आधी फ्लोरीन खेळवून आतून 'मुरवून' घ्यायचे, अगदी नव्या लोखंडी तव्यासारखे. पुढच्या काळात साचलेली पूड काढायला क्लोरीन ट्रायफ्लोराइडसारखे जहाल वायू वापरले गेले. अशी निगा राखली तर निकेलची गाळणी दशकानुदशकं टिकते हे सिद्ध झालं. गाळणीची नेमकी कृती मात्र आजही गुप्त आहे.

आता आपल्या किनाऱ्यावर परत या. युद्धानंतर अमेरिकेने पडूका आणि पोर्ट्समथला आणखी असेच कारखाने बांधले. तारापूरच्या पहिल्या दशकात अमेरिकेत औद्योगिक प्रमाणावर युरेनियम समृद्ध करायची दुसरी पद्धत वापरात नव्हती. म्हणजे तारापूरला आलेला प्रत्येक किलो त्या सच्छिद्र निकेलमधून, शेकडो वेळा, पार होऊन आलेला होता. नंतर हैदराबादच्या न्यूक्लियर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये आपण त्याच्या गोळ्या आणि नळ्या बनवू लागलो. पण गाळणं तिकडेच. नळ्या आपल्या, भट्टी आपल्या जमिनीवर, माणसं आपली, आणि कॉक मात्र अमेरिकेच्या हातात.

१८ मे १९७४ ला पोखरणचा स्फोट झाला आणि कॉक फिरायला लागला. त्या स्फोटात तारापूरचं इंधन नव्हतं. पण अमेरिकेत वारं बदललं. मार्च १९७८ मध्ये तिथे नवा अण्वस्त्रप्रसारबंदी कायदा झाला. आपली सगळी अणुकेंद्रं आंतरराष्ट्रीय तपासणीखाली न ठेवणाऱ्या देशाला इंधन द्यायचं नाही, असा त्याचा रोख. जुना करार असो वा नसो. १९८० मध्ये ३८ टन इंधनाचा प्रश्न आला. तिथल्या अणुनियामक आयोगाने नाही म्हटलं. अध्यक्ष कार्टर यांनी तो निर्णय ओलांडून परवानगी दिली. प्रतिनिधिगृहाने सप्टेंबरमध्ये २९८ विरुद्ध ९८ मतांनी विरोध केला. सिनेटमध्ये विरोधाचा ठराव ४६ विरुद्ध ४८ असा पडला, आणि इंधन निघालं. फक्त दोन मतं! पालघरच्या किनाऱ्यावरचं वीजकेंद्र चालायचं की नाही, हे बारा-तेरा हजार किलोमीटरवर दोन मतांनी ठरलं.

तेव्हाच्या वर्तमानपत्रांत हे सगळं 'भारत-अमेरिका संबंध' या सदरात येत असे. ते बरोबरच होतं. पण मुळाशी प्रश्न एका वस्तूचा होता. ती वस्तू आपल्याकडे असती तर मतदानाला काही अर्थ उरला नसता.

१९८२ मध्ये इंदिरा गांधी आणि रेगन यांच्यात तडजोड झाली: अमेरिकेऐवजी फ्रान्सने इंधन द्यावं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फ्रान्सशी करार झाला आणि मूळ तीस वर्षांची मुदत संपेपर्यंत, म्हणजे १९९३ पर्यंत तिथून इंधन आलं. म्हणजे गाळणी बदलली, गाळणं तेच. फ्रान्सचा त्रिकास्तँचा मोठा कारखानाही वायू गाळणाराच होता. फ्रेंचांनी तिथे धातूऐवजी सिरॅमिक निवडलं. त्याच विद्येतून पुढे दूध आणि रस गाळणाऱ्या सिरॅमिक नळ्यांचा उद्योग उभा राहिला. पण भूक दोन्हीकडे सारखी. त्रिकास्तँच्या शेजारी चार अणुभट्ट्या आहेत, आणि त्यातल्या तिघींची वीज एकट्या या गाळपाला लागायची!

हीच भूक शेवटी गाळणीला भोवली. गरगर फिरवून वेगळं करणारं सेंट्रीफ्यूज कितीतरी कमी विजेत तेच काम करतं. त्रिकास्तँचा जुना कारखाना २०१२ मध्ये बंद झाला, पडूका २०१३ मध्ये. के-२५ ची इमारत तर २०१३ पर्यंत पूर्ण पाडूनही झाली. तारापूरला १९९३ नंतर इंधन आधी चीनकडून आणि २००१ मध्ये रशियाकडून आलं. रशिया तोवर पूर्णपणे सेंट्रीफ्यूजवर गेला होता. सत्तर वर्षांत स्वयंपाकघरातली गाळणी जगातल्या सर्वांत मोठ्या कारखान्यांत गेली आणि तिथून इतिहासजमा झाली.

आणि आपण? आपल्या शास्त्रज्ञांनी १९७४ नंतर दोन गोष्टी केल्या. एक, ट्रॉम्बेला सेंट्रीफ्यूजचं काम हाती घेतलं. दोन, आणि जास्त महत्त्वाची, भाभांचा मूळ रस्ता धरून ठेवला. तारापूरलाच, जुन्या दोन एककांच्या शेजारी, तीन आणि चार क्रमांकाची एककं उभी राहिली. प्रत्येकी ५४० मेगावॉट. चौथं सप्टेंबर २००५ मध्ये सुरू झालं, तिसरं ऑगस्ट २००६ मध्ये. ती साध्या, न गाळलेल्या युरेनियमवर चालतात. त्यांना जड पाणी लागतं, आणि ते साध्या पाण्यातून वेगळं काढणं हेही एक प्रकारचं चाळणंच. पण ते चाळणं आपण शिकलो. रायगड जिल्ह्यात थळला १९८७ पासून जड पाण्याचा कारखाना आहे. म्हणजे चाळण्याची कटकट टळली नाही. फक्त चाळणी आपल्या घरात आली.

कुणी म्हणेल, मग सुरुवातीलाच अमेरिकेचं का घेतलं? मला तरी त्यात भाभांचा दोष दिसत नाही. तयार वस्तू घेऊन माणसं शिकली, वीजकेंद्र चालवायचं कसं हे कळलं, आणि तारापूरच्या दोन भट्ट्यांनी पन्नास वर्षं वीज दिली. पण करार वाचताना आपण किंमत, मुदत आणि व्याज बघतो. गाळणी कुणाच्या घरात आहे आणि ती धुणार कोण, हा रकाना करारात नसतो. तो आपण स्वतः आखून घ्यावा लागतो. उद्या तुमच्या प्रोजेक्टमध्ये एखादं तयार, स्वस्त, उत्तम चालणारं काहीतरी घ्यायची मीटिंग असेल, तर घ्या जरूर. फक्त त्या रकान्यात काय लिहायचं ते मीटिंगमध्येच मोठ्याने विचारा. तारापूरला तो रकाना भरायला छत्तीस वर्षं लागली.

असो. वीकेंड संपला, उद्या स्टँडअप आहे.